पावती हाती, ठेव कुठे?

कृष्णाकाठच्या एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयाने १९५१ ते १९७४ अशी सलग चोवीस वर्षे हस्तलिखित दिवाळी अंक काढला. छापील अंक काढण्याइतका पैसा वाचनालयाकडे नव्हता. सुंदर अक्षराची आणि कुंचला धरता येणारी माणसे मात्र गावात होती. कथा, कविता, जलरंगातली चित्रे, गावातल्या घडामोडींवरच्या कोपरखळ्या असे सगळे हाताने उतरवून ऐंशी पानांचा अंक बांधला जाई. प्रत एकच. ती घरी न्यायची नाही, वाचनालयात बसून वाचायची. मी त्या बाकांवर बसून हे अंक वाचलेले आहेत.

२०१६ साली या चोवीस अंकांची १,९२० पाने स्कॅन करून ठेवायचे ठरले. मी पुण्यात संगणकाच्या प्रणाली लिहिण्याचे काम करतो, त्यामुळे ती जबाबदारी ओघानेच माझ्याकडे आली. ऑगस्ट २०१९च्या महापुरात वाचनालयाचे कपाट काही दिवस पाण्यात राहिले. शाईची अक्षरे पसरली, जलरंग विरघळले, पाने एकमेकांना चिकटली. पाणी ओसरल्यावर ग्रंथपालबाईंचा फोन आला.

‘‘अरे, तुझ्याकडे सगळी पानं आहेत ना?’’

‘‘आहेत बाई, काळजी करू नका,’’ असे मी छातीठोकपणे सांगितले आणि लॅपटॉप उघडला. १,९२० फाइली जागच्या जागी होत्या. नावे बरोबर, क्रम बरोबर. फक्त प्रत्येक फाइलचा आकार १३३ बाइट होता. एका रंगीत पानाचा आकार साधारण २६ एमबी असायला हवा होता. माझ्याकडे पाने नव्हती, पानांच्या पावत्या होत्या.

असे कसे झाले, याचे उत्तर ‘माझा निष्काळजीपणा’ असे दोन शब्दांत देता येईल आणि ते खरेही आहे. परंतु त्यामागे संगणकशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे. संगणकावरच्या लेखनाच्या आवृत्त्या जपणारी साधने पन्नास वर्षांत अतिशय परिपक्व झाली. पण चित्र, ध्वनी, चलच्चित्र अशा अवजड फाइली समोर आल्या की तीच साधने अडखळतात. आज घरोघरी स्कॅन, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे साठत असताना हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा राहिलेला नाही.

पाठभेदांची वही

आवृत्त्यांची काळजी मराठीला नवी नाही. हस्तलिखिते नकलून घेताना पाठ बिघडतात, हे ओळखून एकनाथांनी शके १५०६ म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, ती बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून. त्या आवृत्तीत वर मान्य पाठ आणि खाली पाठभेद असतात. संपूर्ण प्रती पुन्हा छापाव्या लागत नाहीत; कुठे काय वेगळे आहे तेवढेच टिपले की मूळ प्रतीतला तो भाग उभा करता येतो.

संगणकावरचे आवृत्ती-नियंत्रण याच कल्पनेवर उभे राहिले. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मार्क रोचकाइंड यांनी १९७२ मध्ये ‘एससीसीएस’ ही अशा प्रकारची पहिली महत्त्वाची प्रणाली लिहिली. १९७४ मध्ये तिथेच डग्लस मॅकिलरॉय यांचा ‘डिफ’ हा प्रोग्राम युनिक्समध्ये आला. दोन फाइली शेजारी ठेवून कोणत्या ओळी बदलल्या ते तो सांगतो. त्यानंतर पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिखी यांनी ‘आरसीएस’ तयार केले. त्यात सर्वांत ताजी प्रत पूर्ण ठेवलेली असे आणि जुन्या प्रती तिच्यापासून मागे मागे जाणाऱ्या पाठभेदांच्या रूपात असत. रोज लागते ती ताजी प्रत, म्हणून ती लगेच मिळावी, ही त्यातली व्यवहारी दृष्टी.

आज जगात सर्वाधिक वापरली जाणारी प्रणाली म्हणजे गिट. तिचा जन्म भांडणातून झाला. लिनक्सच्या गाभ्याचे काम तेव्हा ‘बिटकीपर’ या खासगी प्रणालीत चाले. ती लिनक्सवाल्यांना फुकट वापरू दिली होती. अँड्र्यू ट्रिजेल या प्रोग्रामरने बिटकीपरमधली माहिती बाहेरून वाचणारे साधन लिहायला घेतले, त्यावरून वाद पेटला आणि फुकट परवाना काढून घेण्यात आला. तेव्हा लायनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये स्वतःच गिट लिहायला घेतले. गिट घडले ते लिनक्सच्या प्रोग्रामसाठी, म्हणजे हजारो लहान लहान लिखित फाइलींसाठी. पुढे जे सांगायचे आहे त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

ओळ नसलेली फाइल

संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक फाइल म्हणजे बाइटची माळ. लिखित फाइलमध्ये या माळेला ओळी असतात. बदल बहुतेक वेळा दोन-चार ओळींपुरता असतो आणि बाकी माळ जशीच्या तशी राहते. चित्राच्या, ध्वनीच्या फाइलला ‘बायनरी’ म्हणतात. तिच्यात ओळी नसतात आणि तिथे छोटासा वाटणारा बदल आतून फार मोठा असू शकतो.

आमच्या पानांचेच उदाहरण घेऊ. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयने स्कॅन केले की २,४८० गुणिले ३,५०८ ठिपके होतात, म्हणजे जवळजवळ ८७ लाख. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. गुणाकार केला की २ कोटी ६० लाख ९९ हजार ५२० बाइट, म्हणजे २६ एमबी. संपूर्ण ज्ञानेश्वरी युनिकोडमध्ये टंकलिखित केली तर एवढ्या जागेत तिच्या दहाहून अधिक प्रती मावतील.

आता हे पान स्कॅनरवर अर्ध्या अंशाने तिरके पडले आहे म्हणून मी ते सरळ केले. डोळ्यांना पान तेच. पण प्रत्येक ठिपका जरासा सरकला आणि त्याची किंमत शेजारच्या ठिपक्यांवरून नव्याने काढली गेली. मग पिवळटपणा कमी केला. पुन्हा सगळे आकडे बदलले. इथे पाठभेद लिहायचा म्हटला तर तो मूळ पानाएवढाच लांब होतो.

ज्या फाइली आधीच दाबून लहान केलेल्या असतात, त्यांची गत याहून वाईट. वर्डची ‘डॉकएक्स’ फाइल प्रत्यक्षात एक झिप-गाठोडे असते. तिच्यातला एक शब्द बदलला की संपीडनामुळे त्या जागेपासून पुढचे सगळे बिट इकडेतिकडे सरकतात आणि दोन फाइलींत साम्य शोधणाऱ्या प्रोग्रामला दोन अनोळखी माळा दिसतात. पीएनजी आणि जेपीईजी चित्रांतही हेच होते. माणसाला जो एक शब्दाचा फरक आहे, तो यंत्राला नवी फाइल वाटतो.

गिट आपल्या परीने प्रयत्न करते. ते प्रथम प्रत्येक आवृत्ती संपूर्ण ठेवते, ती दाबते, आणि नंतर सवडीने सारख्या दिसणाऱ्या फाइली शोधून त्यांच्यातला फरक तेवढा शिल्लक ठेवते. लिखाणाच्या बाबतीत याने विलक्षण बचत होते. पण ५१२ एमबीपेक्षा मोठ्या फाइलींवर हा खटाटोप करायचाच नाही, असे त्याच्या मूळ सेटिंगमध्येच आहे. कारण एवढ्या मोठ्या माळा जुळवायला लागणारी मेमरी आणि वेळ परवडत नाही.

मागील पानावरून पुढे

मग जागा जास्त लागली तर बिघडले कुठे? हार्ड डिस्क तर स्वस्त झाल्या आहेत. मलाही २०१६ साली असेच वाटले होते. पहिल्या सहा अंकांची ४८० पाने मी सरळ गिटमध्ये घातली. साडेबारा जीबी झाले. मग ती सरळ केली आणि पुन्हा नोंदवली. मग उजळ केली आणि पुन्हा नोंदवली. संपीडनानंतरही रिपॉझिटरी, म्हणजे या सगळ्या नोंदींचे कोठार, तीसेक जीबीवर गेले. गावातले दोन महाविद्यालयीन विद्यार्थी मदतीला होते. त्यांनी आपल्या संगणकावर ते उतरवायला घेतले, तेव्हा अडचण कळली.

गिट ही वितरित प्रणाली आहे. तुम्ही प्रत मागितली, तर सहसा फक्त आजची पाने मिळत नाहीत. पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास तुमच्याकडे येतो. हाच तिचा मोठेपणा: प्रत्येकाकडे पूर्ण दप्तर, त्यामुळे एक संगणक बिघडला तरी काही हरवत नाही. पण ८ एमबीपीएसच्या जोडणीवर तीस जीबी उतरायला आठ-साडेआठ तास लागतात, आणि मध्येच वीज गेली तर क्लोनचे काम जिथे थांबले तिथून पुढे सुरू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. आमच्या गावात सलग साडेआठ तास वीज आणि इंटरनेट ही मागणी जरा जास्तच होती.

मग मी उजळ केलेली पाने काढून टाकली. रिपॉझिटरीचा आकार एका बाइटनेही कमी झाला नाही. काढून टाकणे हीसुद्धा इतिहासातली एक नोंद असते. काल पान होते हे सत्य राहतेच, आणि ते सत्य सिद्ध करायला कालचे पान ठेवावे लागते.

इतिहासातूनच ते पुसता येणार नाही का? येते, पण त्याची किंमत समजून घेतली पाहिजे. गिटमध्ये प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून गणित करून एक खूण काढली जाते, तिला हॅश म्हणतात. मजकुरात एक बिट बदलला तरी हॅश पार बदलतो. फाइलींच्या हॅशवरून फोल्डरचा हॅश निघतो, फोल्डरच्या हॅशवरून त्या दिवशीच्या नोंदीचा, म्हणजे कमिटचा. आणि प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटचा हॅश लिहिलेला असतो. आपल्या जुन्या रोजकीर्दीत प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ अशी शिल्लक ओढलेली असते. मधलीच एक रक्कम खोडली तर पुढच्या प्रत्येक पानावरचा आकडा बदलावा लागतो. गिटचे तसेच आहे. जुन्या इतिहासातून एक अवजड फाइल काढली की तिथून पुढच्या प्रत्येक कमिटची ओळख बदलते, आणि ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्या सगळ्यांची वही तुमच्या वहीशी जुळेनाशी होते. हे काम करणारी चांगली साधने आहेत, परंतु ती वापरण्याआधी सर्वांना बसवून सांगावे लागते की जुन्या प्रती टाका आणि नव्या घ्या. मी ते केले, कारण आम्ही तिघेच होतो. तीनशे जणांच्या कामात हे सोपे नसते. म्हणून तर गिटहब ही सेवा ५० एमबीच्या पुढच्या फाइलला इशारा देते आणि १०० एमबीच्या पुढची फाइल घेतच नाही. ती अडवणूक वाटते, पण खरे म्हणजे ती कीव आहे.

सामानघरातली पावती

यावरचा सर्वांत रुळलेला उपाय गिटहबनेच एप्रिल २०१५ मध्ये जाहीर केला. त्याचे नाव गिट एलएफएस, म्हणजे मोठ्या फाइलींची साठवण. कल्पना रेल्वे स्टेशनवरच्या सामानघरासारखी आहे. मोठी ट्रंक घेऊन गावभर हिंडायचे नाही. ती सामानघरात ठेवायची आणि पावती खिशात ठेवायची.

तुम्ही मोठी फाइल गिटमध्ये घालायला जाता, तेव्हा एलएफएस मध्येच ती उचलते, बाजूला ठेवते आणि गिटच्या हाती एक चिमुकली लिखित फाइल देते. तिच्यात तीन ओळी असतात. पहिलीत ही पावती कोणत्या नियमाने लिहिली ते. दुसरीत मूळ फाइलचा शा-२५६ पद्धतीने काढलेला चौसष्ट अक्षरी हॅश. तिसरीत तिचा आकार किती बाइट ते. मूळ फाइल वेगळ्या सर्व्हरवर जाते. दुसऱ्या कुणी रिपॉझिटरी उतरवून घेतली की त्याला सगळ्या इतिहासाच्या पावत्या मिळतात, आणि आजच्या कामाला लागणाऱ्या फाइली तेवढ्या सामानघरातून आणल्या जातात. आकार आठ आकडी असेल तर पावती बरोबर १३३ बाइटची होते. आमच्या १,९२० पानांच्या पावत्या मिळून अडीचशे केबीच्या आसपास. सामान मात्र पन्नास जीबी.

आम्ही या पद्धतीवर आलो आणि काम झपाट्याने पुढे गेले. चोवीसही अंक वर गेले. सामानघर भाड्याचे होते, भाडे माझ्या कार्डावरून जात असे. २०१८ मध्ये मी लॅपटॉप बदलला. नव्या लॅपटॉपवर रिपॉझिटरी घेताना, मोठ्या फाइली आत्ता नकोत, लागतील तेव्हा आणू, असा पर्याय निवडला. तशी सोय असते. जुना लॅपटॉप विकला. पुढे कार्डाची मुदत संपली. सूचनेची पत्रे ज्या पत्त्यावर आली, तो पत्ता मी उघडतही नव्हतो. काही महिन्यांनी खाते बंद झाले आणि ठेवलेले सामान नियमानुसार काढून टाकले गेले. दोष सेवेचा नाही, माझा. गिट प्रत्येकाला पूर्ण दप्तर देते, ही खात्री माझ्या डोक्यात इतकी मुरली होती की एलएफएस वापरताना ते आश्वासन आपणच सोडून दिले आहे, हे मी विसरलो होतो. इतिहास वितरित होता. ठेव एकाच जागी होती.

बाईंना हे सांगायला मी गावी गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘‘पावती आहे म्हणतोस, मग सामान कुठाय?’’

किल्ली एकाच्या हाती

शोधाकडे वळण्याआधी अवजड फाइलींची आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. दोन माणसांनी एकच लेख दोन ठिकाणी दुरुस्त केला तर गिट दोघांच्या ओळी एकत्र करून देते; एकाच ओळीवर दोघांचा हात पडला तरच विचारते. चित्राच्या बाबतीत ही सोय नाही. एकाने डाग काढला आणि दुसऱ्याने कडा कापल्या, तर दोन वेगळी चित्रे हाती येतात. एक निवडायचे, दुसऱ्याची मेहनत वाया.

जुन्या एससीसीएस, आरसीएसमध्ये फाइल संपादनाला घेताना तिला कुलूप लागे. पुढे ती गैरसोय वाटली आणि एकाच वेळी अनेकांनी काम करण्याची पद्धत रूढ झाली. पण संगणकीय खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी कुलूप सोडले नाही. त्यांच्या कामात चित्रे, पुतळे, आवाज यांचेच वजन जास्त. म्हणून त्यांच्यापैकी अनेकजण आजही ‘परफोर्स’सारखी मध्यवर्ती प्रणाली वापरतात, जिच्यात फाइल एका वेळी एकाच्याच हाती देता येते. २०१७ मध्ये गिट एलएफएसमध्येही कुलपाची सोय आली.

तुकडे, प्रती आणि कृती

सामानघराखेरीज आणखी वाटा आहेत. जोई हेस यांनी २०१० मध्ये ‘गिट-अ‍ॅनेक्स’ लिहायला घेतले. त्यातही गिटमध्ये पावतीच राहते. पण कोणती फाइल कोणकोणत्या डिस्कवर आहे, याची नोंद ते ठेवते. ‘प्रत्येक फाइलच्या किमान तीन प्रती हव्यात’ असे सांगून ठेवले, तर संख्या त्याखाली जाईल अशा बेताने ते फाइल काढू देत नाही. मला २०१६ साली हेच हवे होते, पण एलएफएस सोपे वाटले. मेंदूच्या प्रतिमांवर संशोधन करणाऱ्यांनी याच अ‍ॅनेक्सच्या पायावर ‘डेटालॅड’ नावाची प्रणाली उभारली आहे.

दुसरी वाट तुकड्यांची. समजा, एक लांबलचक मजकूर दर शंभर अक्षरांनी कापला. सुरुवातीला एक शब्द घातला की सगळे तुकडे सरकतात, एकही जुळत नाही. त्याऐवजी प्रत्येक पूर्णविरामापाशी कापला तर नवा शब्द ज्या वाक्यात आला तेवढाच तुकडा बदलतो. बायनरी फाइलमध्ये पूर्णविराम नसतात; पण माळेवरून एक छोटी खिडकी सरकवत नेऊन, आतल्या बाइटचे गणित ठरावीक प्रकारचे आले की तिथे काप घ्यायचा, असे करता येते. म्हणजे कुठे कापायचे ते मजकूरच सांगतो. सरकत्या खिडकीचे हे गणित १९९६ साली आलेल्या ‘आरसिंक’मध्ये गाजले, आणि आरसिंकच्या कर्त्यांपैकी एक तेच अँड्र्यू ट्रिजेल, ज्यांच्यामुळे गिट जन्माला आले. २०१०च्या सुमाराचे ‘बप’ हे साधन गिटच्याच साठवणीवर ही तुकडेपद्धत चालवते. मोठ्या फाइलमध्ये मध्येच भर पडत असेल तर याचा फार उपयोग होतो. आमच्या उजळ केलेल्या पानांना मात्र नाही, कारण तिथे प्रत्येकच बाइट बदललेला असतो.

तिसरी वाट, मागितल्याशिवाय काही न आणण्याची. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा सगळा प्रोग्राम गिटमध्ये आणला, तेव्हा ३५ लाख फाइली आणि ३०० जीबी असा पसारा होता. २०१७ मध्ये त्यांनी अशी व्यवस्था दाखवली की फाइली सगळ्या आहेत असे दिसते, पण जी उघडाल तीच खरोखर उतरते. पुढे गिटमध्येही अर्धवट क्लोनची सोय आली. पण ही सोय म्हणजे पुन्हा एका सर्व्हरवर विसंबणे आहे, हे विसरता कामा नये.

चौथी वाट मला सर्वांत आवडते, कारण ती स्वयंपाकघरातली आहे. केलेला पदार्थ जपायचा नाही, सामग्री आणि कृती जपायची. मूळ स्कॅन एकदाच ठेवायचा आणि त्याला कधीही हात लावायचा नाही. पान किती अंशांनी फिरवले, किती उजळले, कडा कुठे कापल्या हे चार-पाच ओळींच्या लिखित फाइलमध्ये लिहायचे. सुधारित पान हवे तेव्हा त्यावरून बनवता येते. बदल झाला तर त्या चार ओळींत होतो, आणि ओळी जपण्यात गिटचा हात कुणी धरू शकत नाही. आम्ही आता असेच करतो.

पावतीने काय केले

आता सामानाच्या शोधाबद्दल. गावातल्या झेरॉक्स-स्कॅनिंगवाल्याकडे जुनी हार्ड डिस्क होती. ती त्याच्या घरी वरच्या मजल्यावर होती, म्हणून वाचली. तिच्यात हजारो चित्रे, स्कॅनरने दिलेल्या क्रमांकांच्या नावांची: लग्नपत्रिका, सातबाराचे उतारे, शाळेचे दाखले आणि मध्येच आमची पाने. कोणते पान कोणत्या अंकाचे, हे डोळ्यांनी ओळखायला महिने लागले असते. काही पाने दोनतीनदा स्कॅन झालेली, काही फिरवून पुन्हा सेव्ह केलेली.

तेव्हा त्या १३३ बाइटच्या पावत्या उपयोगी पडल्या. डिस्कवरच्या प्रत्येक फाइलचा शा-२५६ हॅश काढायचा आणि पावत्यांशी ताडायचा, एवढा छोटा प्रोग्राम लिहिला. हॅश जुळला तर तीच फाइल, अगदी शेवटच्या बिटापर्यंत. नाव काहीही असो. मी ते रात्री चालू करून झोपलो. सकाळी १,१३४ पाने ओळखली गेली होती. मदतीला असलेल्या एका विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपवर आणखी तीन अंक, म्हणजे २४० पाने सापडली. एकूण १,३७४.

या भरवशालाही मर्यादा आहे, हे सांगितले पाहिजे. गिट मुळात ज्या शा-१ पद्धतीवर उभे आहे, तिच्यात फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गूगलने मिळून दोन वेगळ्या पीडीएफ फाइली एकाच हॅशच्या बनवून दाखवल्या. त्या दोन फाइली वेबकिट या प्रकल्पाच्या सबव्हर्जन कोठारात चाचणीसाठी घातल्या, तर ते कोठारच बिघडले. एलएफएसच्या पावतीत शा-२५६ असते, आणि त्यात अशी जोडी कुणालाही बनवता आलेली नाही.

उरलेल्यांपैकी २१२ पाने सापडली ती एका प्रदर्शनासाठी लहान केलेल्या जेपीईजी रूपात. त्यांचा हॅश जुळणे शक्यच नव्हते. ती बाईंनी एकेक पाहून, अक्षर ओळखून लावून दिली. कुणाचे अक्षर कोणते हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नाही. राहिलेली ३३४ पाने कुठेच नाहीत. १९५८ आणि १९६३चे अंक तर जवळजवळ पूर्ण गेले. पण त्यांच्या पावत्या मी रिपॉझिटरीतून काढलेल्या नाहीत. कुणाच्या खणात एखादा पेन ड्राइव्ह निघाला, तर ते पान आमचेच आहे का, हे क्षणात सांगता येईल.

जुलै २०२० मध्ये नॉर्वेच्या स्वालबार बेटांवरच्या एका जुन्या कोळशाच्या खाणीत गिटहबने जगातल्या खुल्या प्रोग्रामांची २१ टेराबाइटची प्रत फिल्मवर उतरवून ठेवली, हजार वर्षे टिकावी म्हणून. तिथे प्रत्येक रिपॉझिटरी घेताना १०० केबीपेक्षा मोठ्या बायनरी फाइली गाळल्या होत्या. त्यांच्या कामासाठी ते योग्यच होते. पण त्यावरून एक कळते की अवजड वस्तू कुणाच्याच वाटेला आपोआप येत नाही. ती ज्याची त्यानेच सांभाळायची असते.

सध्या आमच्या पानांच्या तीन प्रती आहेत: एक वाचनालयात वरच्या मजल्यावरच्या डिस्कवर, एक माझ्याकडे पुण्यात, एक भाड्याच्या सर्व्हरवर. भाडे आता वाचनालयाच्या खात्यातून जाते आणि सूचनेची पत्रे तिघांना येतात. दर पाडव्याला, नवी वही उघडण्याच्या दिवशी, तिन्ही प्रतींतल्या प्रत्येक फाइलचा हॅश पुन्हा काढून पावतीशी ताडतो. चार-पाच तास लागतात. यंत्र काम करत असते तोवर बाई फराळाचे ताट पुढे करतात आणि शेवटी आकडा विचारतात. गेल्या पाडव्याला १,५८६ पैकी १,५८६ जुळली. त्यांनी तो आकडा तारखेसह वाचनालयाच्या आवक-जावक वहीत लिहून घेतला.